क्रमशः नावाचा माणूस

कोंडबामामा रोज दुपारी बाराच्या सुमाराला कालव्याच्या गेटजवळ दोन खुर्च्या मांडायचे. एकीवर स्वतः बसायचे आणि दुसरीला कॉमिक्स वाचून दाखवायचे.

दुसऱ्या खुर्चीवर कोणी नसायचं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे पुढे माझा स्वतःचाच या गोष्टीवरचा विश्वास थोडा डळमळला आहे.

खुर्ची मांडायच्या आधी ते खांद्यावरच्या टॉवेलने ती झटकायचे. मग म्हणायचे, "बसा." थोडं थांबायचे. "मागच्या टायमाला कुठवर आलो होतो?" पुन्हा थांबायचे, मान हलवायचे, "हां, बराबर," म्हणायचे आणि पान उघडायचे. हे सगळं भर उन्हात, डोक्यावर एक बाभूळ, समोर कोरडा कालवा आणि मैलभर माणूस नाही.

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचा एक फाटा आमच्या तांड्याजवळून जातो. त्या फाट्यावर कोंडबामामा पाटकरी होते. पाटकरी म्हणजे पाणी सोडणारा, पाणी बंद करणारा आणि दोन्ही वेळा शिव्या खाणारा माणूस. मी तेव्हा औंढ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजात नेमकं कसं वागायचं हे विचारायला कोणी नव्हतं. कॉलेज सकाळचं. सुटल्यावर बस मला डांबरी रस्त्यावर सोडायची आणि तिथून कालव्याच्या काठाने चालत तांडा. म्हणजे बरोबर बाराला मी गेटपाशी.

आम्ही आईला याडी म्हणतो. याडी मला रोज बजावायची, "बारावर कालव्याला थांबायचं नाही. त्या गेटवाल्याजवळ तर नाहीच नाही. तो एकटा नसतो." ती हे गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीत, म्हणायची, आणि त्या भाषेत ते जास्त भीतीदायक वाटतं.

पहिल्या दिवशी मी मान खाली घालून भरभर निघाले होते. मागून हाक आली.

"ए कालेज! इकडं ये. ह्ये अक्षर काय हाय बघ."

त्यांनी मला माझं नाव कधीच विचारलं नाही. मी शेवटपर्यंत 'कालेज'च राहिले. मी जवळ गेले, पण दुसऱ्या खुर्चीपासून लांब उभी राहिले. पान हिंदीतलं होतं.

"षड्यंत्र," मी म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हणजे कट. लपून केलेलं कारस्थान."

"हां हां. फेरफार." मग दुसऱ्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "फेरफार केला त्येनं."

त्यांच्याकडे 'नवतारा' नावाच्या एका चित्रकथेचे अकरा भाग होते. पहिला भाग हिंगोलीच्या बसस्टँडवर कोणी तरी बाकावर विसरून गेलं होतं, बाकीचे त्यांनी रद्दीतून शोधून आणले होते. बारावा आणि शेवटचा भाग त्यांना काही केल्या मिळत नव्हता. गोष्ट अशी: आभाळात नऊ ताऱ्यांचं एक साम्राज्य असतं. सम्राटाला त्याचा सख्खा धाकटा भाऊ, धूम्रसेन, मारून टाकतो. सम्राटाचा मुलगा वज्रांश एका उजाड ग्रहावर वाढतो, त्याच्या अंगात विजेचं बळ येतं, आणि चुलत्याचा जीव घ्यायची शपथ घेऊन तो परत निघतो. मग पुढचे सगळे भाग नुसतं युद्ध.

"आभाळातली भावकी हाय ही," मामा मला समजावून सांगायचे. "नऊ तारे म्हंजे नऊ गट नंबर. कोणी तरी बांध कोरला असंल. पुस्तकात ते देत न्हाईत, पण असणारच. त्याबिगर सख्खा भाऊ असं करंल व्हय?"

अवकाशयानाला ते मळणीयंत्र म्हणायचे. चित्रात ते खरोखरच तसं दिसायचं. सेनापतीला तलाठी. महाराणी रडत असली की "हिला माहेराला धाडा रे कोणी," असं पानालाच सांगायचे. मला हसू यायचं, पण ते हसत नसत.

एकदा मी धीर करून विचारलं, "मामा, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"पुतण्याच्या. न्याव त्याचाच हाय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पर चुलत्याचे डोळे बघ. ह्या चित्रात उघडे. ह्या चित्रात बी उघडे. अकरा भागांत तो एकदाबी झोपला न्हाई. ध्यान दे."

मी पानं उलटून पाहिली. खरंच होतं. सगळे कुठे ना कुठे झोपलेले दाखवले होते, पहारेकरीसुद्धा. धूम्रसेन कुठेच झोपला नव्हता. चित्रकारानेही ते ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही.

प्रत्येक भागाच्या शेवटी वज्रांश चुलत्यापर्यंत पोहोचायचा. विजेची तलवार उचलली जायची, धूम्रसेनाची मान समोर असायची, आणि तिथेच पान संपायचं. मामा तिथे बोट ठेवायचे. उजवा कोपरा, खाली.

"अन् मंग हा येतो."

"कोण?"

"क्रमशः."

मला वाटलं ते गंमत करत आहेत. पण त्यांचा चेहरा देवळातल्यासारखा होता.

"ह्याचं चित्र कुठंच न्हाई. काढताच येत नसंल. निस्तं नाव लिवतात कोपऱ्यात. पर दरवेळी हात उचलला की हा मधी येतो आन् हात धरतो. पुढल्या भागात बघ, चुलता जिता. अकरा टायमाला वाचवलं त्येनं. कोणाच्याच बाजूचा न्हाई. निस्ता मधी उभा राहतो." आणि त्यांनी दुसऱ्या खुर्चीकडे असं पाहिलं, जसं आपण पाहुण्याची त्याच्यासमोरच स्तुती करताना पाहतो.

क्रमशः या शब्दाचा अर्थ मला माहीत होता. सांगायला तोंडही उघडलं होतं. पण वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी मी. मराठी माझी शाळेतली, हिंदी त्याहून कच्ची. आणि खरं कारण वेगळंच होतं. 'असा कोणी माणूस नाही' हे त्या खुर्चीसमोर म्हणायचं मला धाडस झालं नाही.

तेव्हापासून ते नाव मला सगळीकडे ऐकू यायला लागलं. बस चुकली, तर "क्रमशः हाय ना." याडीला ताप आला, तर "भिऊ नको, क्रमशः हाय." इंग्रजीचा पेपर वाईट गेला म्हणून मी डोळे पुसत आले, तेव्हाही तेच. "नापास केलं तरी मधी क्रमशः हाय, लेकरा." पुढे मला ए.टी.के.टी. मिळाली. विचार केला, तर ते क्रमशःच होतं.

पाणीपाळी सुरू व्हायच्या, म्हणजे कालव्याला पाणी सुटायच्या दिवशी मात्र मामांचा खरा तमाशा असायचा. पाण्याची वाट पाहणारे शेतकरी काठावर बसलेले असायचे. मामा बाभळीला टांगलेला रुळाचा तुकडा हातोडीने घणघण वाजवायचे, पाणी येतंय, कालव्यातून बाहेर निघा, असा इशारा म्हणून. इतर पाटकरी एवढं केलं की गेटचं चाक फिरवतात. मामा कालव्यात उतरायचे. मैलभर तळातून चालत जायचे, झुडूप असेल तर काठीने हलवून बघायचे, आणि परत येऊन गेटखालच्या मोरीत वाकायचे. लांब, काळोखी मोरी. भर दुपारी तिच्या तोंडाशी गार लागायचं.

"कोण हाय?" मामा ओरडायचे.

मोरीतून यायचं, "…हाय?"

मामा ताठ उभे राहायचे. "हाय म्हणून राहिलं कोणी तरी. थांबा."

लिंबाजी नावाचे एक तापट शेतकरी होते, त्यांचा हरभरा सगळ्यात लांब. ते कपाळावर हात मारायचे. "आरं बाबा, तुझाच आवाज हाय तो!"

"माझा आवाज असा हाय व्हय? आयक." आणि पुन्हा वाकून, "कोण हाय?"

"…हाय?"

"बघ. कण्हून राहिलं."

"आरं कोंडबा, तू असं कर," एकदा लिंबाजी हात जोडून म्हणाले, "'कोण न्हाई' म्हणून वरड. म्हंजे ते 'न्हाई' म्हणंल, आन् आमचा हरभरा वाचंल!"

काठावरचे सगळे पोट धरून हसले. मामा नाही हसले. "तसं कसं? जे इचारायचं त्येच इचारावं लागतं," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा मोरीत वाकले. तास गेला, दीड तास गेला. मग कधी तरी ते स्वतःशीच मान हलवून चाकाला हात घालायचे आणि पाणी सुटेपर्यंत डोळे मिटून घ्यायचे.

त्या दिवशी मीही जवळ उभी होते. मला ठाम सांगता येणार नाही. पण मामांनी शेवटी एकदाच विचारलं होतं आणि मोरीतून दोनदा आलं.

घरी येऊन मी याडीला हे सांगितलं, तेव्हा तिने भाकरी थापता थापता हात थांबवला आणि मला मूळ गोष्ट सांगितली.

कोंडबामामांना एक थोरला भाऊ होता, वामन. दोघांच्या शेतामध्ये एक बांध, आणि त्या बांधावरून भांडण. दोन वर्षं अबोला. एका पाळीच्या दिवशी दुपारी कोंडबामामांनी रूळ वाजवला आणि गेट उघडलं. वामन तेव्हा मोरीत होता. आत अडकलेलं गवत काढत होता. आतून रूळ ऐकू गेला नाही. चौकशी झाली. रूळ वाजवल्याचं चार जणांनी सांगितलं, दोष कोणावर आला नाही. पण वामनचा मुलगा संभा, दहा वर्षांचा, सरणापाशी सगळ्यांदेखत चुलत्याला म्हणाला होता, "मोठा झालो की तुला ह्याच मोरीत घालतो." मग त्याची आई त्याला घेऊन माहेरी, कुरुंद्याला, निघून गेली.

"सोळा वर्षं झाली," याडी म्हणाली. "कुरुंदा काही लांब नाही. दोन बसचा रस्ता. पोरगा आलेला नाही. आणि हा वाट बघत बसलाय. त्या खुर्चीवर कोण असतं, हे मला विचारू नकोस."

मग मला अकरा भागांचा अर्थ लागला. मामा गोष्ट वाचत नव्हते. पुढे आपलं काय होणार आहे, ते शोधत होते.

त्या हिवाळ्यात कॉलेजच्या कामाने मी हिंगोलीला गेले होते. बसस्टँडबाहेर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला 'नवतारा'चा बारावा भाग दिसला. परतीच्या बसमध्ये मी तो वाचला आणि वाचून चूक केली असं वाटलं. वज्रांश चुलत्याला मारतो. एका पूर्ण पानभर. मेल्यावर धूम्रसेनाचे डोळे मिटलेले दाखवले होते, बारा भागांत पहिल्यांदा. उजव्या कोपऱ्यात, खाली, ठळक अक्षरांत: समाप्त.

तो भाग मी आठ दिवस पिशवीत लपवून फिरवला. नवव्या दिवशी मामा म्हणाले, "कालेज, तू आजकाल माझ्याकडं बघत न्हाईस. पिशवीत काय हाय?"

मला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. त्या दिवशी मोठ्याने वाचलं नाही. ओठ हलत होते. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबले. मग बोट कोपऱ्यावर गेलं.

"हा नवा कोण आला? समाप्त?"

उन्हात सगळं स्तब्ध होतं. एक होला घुमत होता, तोही थांबला.

"मामा, तो कोणी माणूस नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "समाप्त म्हणजे संपलं. गोष्ट संपली."

"आन् क्रमशः?"

"क्रमशः म्हणजे... संपली नाही. पुढे चालू आहे. एवढंच."

"म्हंजे माणूस न्हाई?"

"नाही मामा."

त्यांनी सावकाश दुसऱ्या खुर्चीकडे मान वळवली.

"मंग इतके दिवस हितं कोण बसून राहिलंय?"

मी रडायला लागले. भीतीने की कशाने, मला कळलं नाही. मामाच उलट मला समजावू लागले. "तू काहून रडून राहिलीस? तुझी काय गलती? बस हितं." आणि स्वतःच्या खुर्चीवर मला बसवून ते काठावर उकिडवे बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "एक पत्र लिहून देशील?"

दुसऱ्या दिवशी मी आंतरदेशीय पत्र घेऊन गेले. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. ते पत्र मला आजही पाठ आहे.

"चि. संभास. तुझ्या चुलत्याचा आशीर्वाद. तुला नको असंल तर ठिऊ नको. रूळ वाजवला होता हे खरं हाय. सगळ्यांनी सांगितलं तसंच. पर एक गोष्ट कोणी इचारली न्हाई म्हून मी सांगितली न्हाई. दादाची सायकल बाभळीला टेकलेली मी बघितली होती. म्हंजे तो कुठं तरी जवळ हाय हे मला माहीत होतं. कालव्यात उतरून हाक मारली असती तर त्येनं आयकली असती. पर अबोला होता. आधी कोणी बोलायचं, म्हून मी हाक मारली न्हाई."

इथे ते थांबले. मी पेन धरून बसले. ऊन पत्रावरून सरकून माझ्या पायावर आलं.

"पुढं सुचत न्हाई," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "खाली लिव. उजव्या कोपऱ्यात. क्रमशः."

मी लिहिलं.

पत्र गेलं. दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं, आता एकच खुर्ची असेल. दोन होत्या. पण मामा वाचत नव्हते. त्या खुर्चीला "बसा"ही म्हणत नव्हते. नुसते शेजारी बसलेले असायचे, दोन माणसं न बोलता बसतात तसे.

मार्च लागला. एका दुपारी मी काठाने येत होते, तर गेटपाशी एक उंच माणूस उभा दिसला. पाठमोरा. त्याचे हात कोपरापर्यंत पिवळेजर्द होते. मला वाटलं हे कॉमिक्सच्या पानातून आलंय. मग कळलं, हळद. कुरुंद्याकडे तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते. कढईवरचं काम सोडून तो तसाच बसमध्ये चढला असणार.

मामा खुर्चीवर ताठ बसले होते. त्यांची मान जराशी पुढे झुकलेली होती, नेमकी चित्रातल्या धूम्रसेनासारखी.

संभाने खिशातून पत्र काढलं. घडीवर पिवळी बोटं उमटलेली होती, बऱ्याच वेळा उघडल्याची.

"ह्ये तुमी धाडलं?"

"व्हय."

"अर्धंच हाय."

मामांची नजर पत्राच्या खालच्या कोपऱ्यावर गेली.

"खाली क्रमशः लिवलंय," संभा म्हणाला. त्याचा आवाज कापत होता आणि ते त्याला आवडत नव्हतं. "मला वाटलं, पुढलं पत्र यील. दोन महिने पोस्टमनला इचारून राहिलो. तो पोस्टमन आता मला बघून सायकल वळवतो. पुढलं आलंच न्हाई." त्याने पत्राची घडी घातली. "पुढं काय हाय ते आयकायला आलो. मंग काय करायचं ते बघतो."

मामा उठले. उठताना त्यांना बाभळीचा आधार घ्यावा लागला. मला वाटलं ते पुतण्याकडे जातील, त्याचे पाय धरतील, रडतील. ते दुसऱ्या खुर्चीकडे गेले. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि वाकून, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले,

"दादा, ऊठ. तुझं लेकरू उभं हाय."

वारा नव्हता. बाभळीचं पानसुद्धा हललं नव्हतं. खुर्चीच्या नायलॉनच्या पट्ट्या करकरल्या, कोणी गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठावं तशा. संभाने दचकून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मामांनी टॉवेलने खुर्ची झटकली.

संभा बराच वेळ उभाच होता. मग बसला.

मी तिथे थांबायला नको, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. मी चालू लागले. मागून मामांचा आवाज येत होता, अडखळत, थांबत. आज त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं. शब्द कळत नव्हते. मोरीच्या पलीकडच्या तोंडाशी आले तेव्हा मात्र माझे पाय आपोआप थांबले. याडीने नको म्हटलेली वेळ होती, नको म्हटलेली जागा होती. मी खाली उतरले, वाकले आणि आत विचारलं,

"कोण हाय?"

मोरी काही बोलली नाही.